जुनं गाणं म्हणजे जुना टँकर

शैलाआत्या,

रविवारच्या आत मला ती चाल आठवायला हवी होती. तुझ्या तेराव्याला आलेली माणसं पांगली, दारातल्या खुर्च्या उचलल्या गेल्या, बाबा ओट्यावर पाठमोरे बसून राहिले, आणि मी तुझ्या शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर तोंड मिटून गुणगुणत होते. पहिले काही सूर बरोबर यायचे. मग चाल वर जायची की खाली, तिथं मी अडायचे आणि भलत्याच गाण्यात शिरायचे, ॲप मला रोज ऐकवतं त्यातल्या कुठल्या तरी. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच. साबणाची वडी हातात घोळवत राहावी तशी ती चाल झिजत होती आणि झिजवणारी मीच होते.

तू गेलीस हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण तुझ्यामागे ती चालही जाईल, हे मात्र लगेच कळलं होतं.

तुझा फोन माझ्याकडे आहे. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यावर समितीच्या सचिवांचा मेसेज आला. आधी 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली हात जोडलेले, आणि त्याखाली: ताई नसल्यामुळे टँकर ग्रुप रविवारी बंद करू, रहिवाशांचा अधिकृत ग्रुप सुरू होईल, त्यात फक्त समिती मेसेज टाकेल, म्हणजे अनावश्यक गाणी वगैरे येणार नाहीत. मग मला वेगळा मेसेज: 'ताईंच्या फोनवरून ग्रुप तेवढा बंद करून द्या, बेटा.'

अनावश्यक गाणी वगैरे. हे तू वाचलं असतंस तर काय म्हणाली असतीस ते मला तुझ्याच आवाजात ऐकू आलं आणि मी मशीनवर डोकं टेकलं.

त्या माणसाचा दोष नाही. तो कॉलनीत उशिरा आला, नवीन इमारतीत, लिफ्ट आणि बोअरवेल असलेल्या. गाणी कुठून आली हे त्याला कसं माहीत असणार? मला माहीत आहे, कारण जायकवाडी तळाला गेलं त्या उन्हाळ्यात मी तुझ्याकडेच राहायला होते. पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागून, गट नंबरच्या प्लॉटांवर घरं उठत होती. शहर तुझ्या दारापर्यंत आलं, नळ मात्र मागं राहिला. प्रत्येक घरापुढं निळा ड्रम आणि गुंडाळलेला पाइप. टँकर केव्हा येईल ते देवाला आणि ड्रायव्हरला ठाऊक. म्हणून तू ग्रुप काढलास. आधी लिहून टाकायचीस, 'टँकर आला'. निम्म्या बायांना वाचता येत नव्हतं, उरलेल्यांचा फोन पोरांच्या हातात. मग तू बोलून पाठवायला लागलीस. त्यातही घोळ झाला. कुणी तरी कालचीच व्हॉइस नोट आज पुन्हा पुढं पाठवली आणि अख्खी गल्ली हंडे घेऊन उन्हात उभी. टँकर नाही, काही नाही. खाला तुझ्यावर इतकी चिडली होती! समोरच्या घरातली फातिमा खाला, खुलताबादची. म्हणाली, "शैला, तेरा टँकर तो फोनमेंच आता री!"

त्या दिवशी तू डोकं चालवलंस. दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. टँकर वळणावर दिसला की तू फोन तोंडाशी धरून एक गाणं गुणगुणायचीस. दर टँकरला नवं गाणं. ऐकलेलं गाणं आलं तर समजायचं, नोट जुनी आहे, घरात बसा. "जुनं गाणं म्हंजे जुना टँकर," तू सगळ्यांना बजावलंस. आणि ज्याला गाणं ओळखू येईल त्यानं पुढची ओळ म्हणून पाठवायची. पुढची ओळ आली की तुला कळायचं, त्या घरी निरोप पोचला.

तुझ्याजवळची गाणी थोड्याच दिवसांत संपली. मग तू लोकांकडं मागायला लागलीस. भाजी निवडताना, मशीन चालवताना, बसस्टॉपवर. "एक गाणं दे गं, उद्या टँकर हाय." खालानं तिच्याकडची ढोलकवरची लग्नाची गाणी दिली, ज्यात विहीणबाईला नुसत्या शिव्या होत्या. जोशीकाकांनी, तेच कोपऱ्यावरचे, ट्रेझरीतून निवृत्त झालेले, लाजत लाजत एक पद दिलं आणि ते इतकं लांब आळवलं की नोट संपेपर्यंत टँकर रिकामा झाला. "काका, आलाप नंतर घ्या, आधी हंडा घ्या," तू म्हणालीस आणि काका स्वतःच हसले. पुढं ते तुलाच विचारायला यायचे, "ताई, खालांचं ते शिव्यांचं पुन्हा लावता का?" आयुष्यभर देवघराबाहेर न गायलेला माणूस विहिणीच्या शिव्या पाठ करत होता.

आणि मी काय करत होते? मी कानात इयरफोन घालून पाइप धरायचे.

मला मराठी गाणी येत नव्हती, आत्या. शाळेत आम्हाला मराठी बोलल्यावर ओरडा बसायचा. घरी बाबा बातम्या लावायचे. माझी सगळी गाणी ॲपनं दिलेली. एक आवडलं की त्यासारखं दुसरं, दुसऱ्यासारखं तिसरं. मला वाटायचं ही माझी आवड आहे. एकदा तू माझ्या एका कानातलं काढून स्वतःच्या कानात घातलंस, ड्रम भरेस्तोवर ऐकलंस आणि म्हणालीस, "हे सकाळी वाजत हुतं तेच हाय ना?"

"नाही, वेगळं आहे."

"व्हय? मग तुझं मशीन तुला सकाळचंच गरम करून वाढतंय, मुक्ये."

मुक्ये. तू मला सगळ्यांदेखत मुक्ये म्हणायचीस आणि मला राग यायचा. आता कुणीच म्हणत नाही.

आपलं भांडण त्याच दिवशी सुरू झालं आणि ते मिटायचं राहिलं. मी म्हणायचे, जगातलं सगळं संगीत त्या ॲपमध्ये आहे, तुला हवं ते मिळेल. तू म्हणायचीस, "मला काय हवंय ते मलाच ठाव नसलं तर?" मी म्हणाले, तेही त्याला कळतं, गुणगुणलं तरी शोधून देतं. तेव्हा तू मशीन थांबवलंस. पायडलवरचा पाय तसाच. म्हणालीस, "गुणगुणून शोधतंय? खरंच?"

तेव्हा पहिल्यांदा मला ती चाल ऐकवलीस.

पिशोरच्या बाजारात तू लहान असताना मिरच्या विकायला बसलेली एक बाई ती म्हणत होती. शब्द तुला आठवत नव्हते, नुसती चाल. तुझ्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, हात धरून ओढलं, बैलगाडी निघाली होती. त्यामुळे तुला निम्मंच गाणं मिळालं. पुढं कितीदा तू त्या बाजारात गेलीस, ती बाई पुन्हा दिसली नाही. ती चाल जिथं तुटते ती जागाही विचित्र. पायरी चढायला पाय उचललाय आणि मागून कुणी तरी हाक मारली, अशी. ऐकणाऱ्याचा पायही अधांतरीच राहतो.

मी फोन तुझ्यापुढं धरला. तू डोळे मिटून गुणगुणलीस. फोननं थोडा विचार केला आणि एक इंग्रजी गाणं काढून दिलं. तू पदर तोंडाला लावून इतकी हसलीस की सुई बोटात गेली. "पिशोरच्या बाजारात इंग्रज मिरच्या इकत हुता का गं?" मी पुन्हा धरला. या वेळी जिमची जाहिरात असावी असं काहीतरी. तिसऱ्यांदा त्यानं सरळ सांगितलं, सापडलं नाही.

मला अपमान वाटला, माझाच. मी म्हणाले, "त्याच्याकडे कुणी टाकलं नसेल. तू इंटरनेटवर टाक, लाखो लोक ऐकतील."

"लाख लोकांनी ऐकून काय करू? एकानं पुढची ओळ म्हणायला पायजे."

मग तू ती ग्रुपवर टाकलीस. खऱ्याच टँकरला. सगळ्या बाया हंडे घेऊन आल्या, पण पुढची ओळ कुणाचीच आली नाही. खाला म्हणाली, "ये कौनसा है री? सुना सुना लगता." जोशीकाकांनी एका रागाचं नाव घेतलं, मग ते मागं घेतलं. तू म्हणालीस, "उत्तर आलं नाय, तर ते जुनं झालं नाय. पुन्हा टाकीन." आणि टाकत राहिलीस. उन्हाळ्यामागून उन्हाळे. पिशोरच्या बाजूचं, कन्नडहून नवीन कुणी भाडेकरू आलं की तू आधी त्यांना ती चाल ऐकवायचीस, मग पाण्याची वेळ सांगायचीस. कुणाची आई गावाहून आली की तिला. एका बाईनं तर सांगितलं, "आत्याबाई, घर पायजे होतं, परीक्षा नव्हती द्यायची."

मला आता कळतंय की मी तेव्हा किती श्रीमंत होते. पाणी नव्हतं, पण रोज कुणाच्या तरी तोंडून एक गाणं यायचं जे माझ्या आवडीसारखं अजिबात नव्हतं. ते मला आवडेल की नाही हे कुणी आधी मोजलेलं नव्हतं. मी त्यावर बोट फिरवून पुढं जाऊ शकत नव्हते, कारण हातात पाइप होता. पूर्ण ऐकावं लागायचं. त्यातली कितीतरी आता माझी आहेत. ॲपमध्ये शोधली तर मिळत नाहीत. तू मला दिलीस. मी कधी 'छान आहे' एवढंसुद्धा म्हणाले नाही.

तुला माहीत होतं म्हणा. तू दाराबाहेरून ओरडायचीस, "एक बादली पाणी अन् दोन गाणी! गाणी कमी कर, मुक्ये, पाणी पुरंल!" मी न्हाणीघरात गप्प व्हायचे. मग तू हळूच म्हणायचीस, "म्हण, म्हण. मी जाते." आणि जायची नाहीस. चपलेचा आवाज यायचा नाही.

शेवटच्या वर्षात तू एकच मागत होतीस. "माझा आवाज फुटलाय. तू म्हणून टाक. तुझा आवाज कुणी ऐकलेला नाय, लोक कान देऊन ऐकतील." मी म्हणायचे, नंतर. ग्रुपमध्ये मी होते, पण आवाजानं नव्हते. पुढची ओळ येत असली तरी मी अंगठा दाखवायचे. तुला तो अंगठा अजिबात आवडायचा नाही. "हा अंगठा पाण्यात बुडवून दाखव," म्हणायचीस.

मग झटका आला. तुझी वाचा गेली. दवाखान्यात तुझं तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात चादरीवर पडलेला, आणि तू माझ्याकडं बघून गुणगुणायला लागलीस. मला वाटलं वेदना होतायत. मी सिस्टरना बोलवायला निघाले, तू डाव्या हातानं माझी ओढणी धरलीस. मग कळलं. तीच चाल होती. पण तिचे सूर वेडेवाकडे झाले होते, एक नाकातून, एक नुसता श्वास. तू थांबलीस आणि भुवई वर केलीस. पुढच्या ओळीची वाट बघताना करायचीस तशी. मला पुढची ओळ येत नव्हती. कुणालाच येत नव्हती. मी मान डोलावली. कशासाठी डोलावली ते मला अजून कळलेलं नाही. तू डोळे मिटलेस. तुला वाटलं असेल का, की मी पाठवली?

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दोन चाली आहेत, तुझी चांगली आणि तुझी मोडलेली, आणि त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. जुन्या नोटा शोधल्या. तुझा पहिला फोन ड्रममध्ये पडला होता, त्यातलं सगळं गेलं. दुसऱ्यात सुप्रभाताची फुलं मावेनात म्हणून तू ऑडिओ पुसत आलीस. खालाकडं नाही, काकांकडं नाही. माझ्या फोनवर एक सापडली. दाबली तर अक्षरं आली: ही फाईल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

मी ते वाचत बसले. पुन्हा पाठवायला सांगा. कुणाला सांगू, आत्या? कुठं सांगू?

शनिवारी दुपारी माझा धीर सुटला. उद्या ग्रुप बंद होणार. त्यानंतर ही चाल विचारायला जगात दुसरी जागा नाही, कारण ज्या माणसांनी ती वर्षानुवर्षं ऐकली ती फक्त तिथं आहेत. मी माझा फोन हातात घेतला. माझं नाव, माझा आवाज, सगळी गल्ली. नाही जमलं. मी तुझा फोन घेतला. तुझ्या नावाआड उभं राहून, डोळे मिटून, आठवेल तसं गुणगुणले आणि सोडून दिलं.

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही! यंदाही पाऊस नाही. नळ आले, पण त्यांना पाणी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर. पुन्हा टँकर सुरू झालेत. आणि तुझ्या फोनवरून गुणगुणणं आलं की त्याचा अर्थ एकच.

आधी पलीकडचं दार वाजलं. मग हंड्यांचा आवाज. मी खिडकीतून पाहिलं तर भर उन्हात बाया धावत होत्या, कळशा, बादल्या, एकीच्या खांद्यावर पाइप. नवीन सुना त्यांच्या मागं. वळणावर टँकर नव्हता.

"कुठंय वो पाणी?"

"आवाज आला ना आत्ता!"

"कुणाचा आला?"

मग कुणी तरी फोन पाहिला. नाव पाहिलं. एकीनं हंडा खाली ठेवला, त्याचा आवाज मला आत ऐकू आला. एक नवीन सून म्हणाली, "अगं बाई, त्या तर गेल्या ना?" आणि सासूनं तिला कोपरानं ढोसलं.

मला बाहेर जावं लागलं. ओट्यावर बाबा उभे होते, काही कळत नसल्यासारखे. मी म्हणाले, "मी टाकलं. चुकून. टँकर नाही आला. सॉरी." कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

खाला रिकामी कळशी कडेवर घेऊन पुढं आली. डोळे लाल. "मैं तो शैलाच समझी री. चप्पल भी नहीं डाली, देख." खरंच, पाय अनवाणी होते, डांबरावर. बाबांनी तिला सावलीत ओढलं. मग ती म्हणाली, "पर गलत गाई तू. बीच में नीचे कायकू गई? ऊपर जाना था."

"ऊपर?"

"हौ. ऐसा." आणि तिनं ते म्हटलं. तिच्या चिरक्या आवाजात, कळशीवर बोटानं ताल धरून. चाल वर गेली. तीच. तुझी, चांगली. मी खांब धरला.

शेजारची म्हणाली, "नाय खाला, शैलाताई जरा वढून म्हनायच्या," आणि तिनं ओढून म्हटलं. मग आणखी कुणी. जोशीकाका गेटमधून, अर्धवट चढवलेल्या शर्टात. सगळ्यांना येत होती, आत्या. ज्यांनी तुला ह्या चालीची पुढची ओळ कधी पाठवली नाही त्या सगळ्यांना तुझी ओळ येत होती. प्रत्येकीची जरा वेगळी, कुणाची घाईची, कुणाची रडवेली, पण येत होती. रिकामे हंडे घेऊन भर रस्त्यात त्या सगळ्या एकदम गुणगुणत होत्या.

आणि सगळ्या एकाच जागी थांबल्या. पाय उचललेला. पुढं काही नाही.

मला वाटलं होतं चाल सापडली की मला रडू थांबवता येईल. उलट झालं. इतकी माणसं आणि एकाकडंही पुढचं नाही. ती मिरच्यावाली गेली असेल, तिला शिकवणारी गेली असेल, आणि आता तूही. ह्या गल्लीत जितके आवाज होते तितके सगळे मी एकदम ऐकले आणि सगळे त्याच कड्यावर येऊन थांबले. मी बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ते तुझे भाऊ, त्याच बैलगाडीत बसलेले. त्यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला?" ते म्हणाले, "मी गाडीत झोपलो होतो, माय."

खाला जाताना म्हणाली, "अपने फोन से डाल, बेटा. पूछने वाला अपने मुंह से पूछता. शैला का कायदा था."

रविवारी सकाळी मी टाकलं. माझ्या फोनवरून, माझ्या नावानं. वर जायचं तिथं वर गेले. आवाज थरथरला, तो तसाच राहू दिला.

सचिवांना सांगितलं की ग्रुप मी बंद करणार नाही. ते म्हणाले, ठीक आहे बेटा, भावना समजू शकतो, आणि नवीन ग्रुप सुरू केला. एकेक जण जुन्यातून बाहेर पडतोय. रोज कुणाचं तरी नाव खाली येतं, अमुक बाहेर पडले. टँकरच्या बाया अजून आहेत. किती दिवस राहतील माहीत नाही. कन्नडच्या, पिशोरच्या ज्या कुणाकडं ती ओळ असेल ती म्हातारी ह्या ग्रुपमध्ये नाही, तिच्याकडं फोनही नसेल. मला हे सगळं कळतं. तरी तुझं सिम मी चालू ठेवलंय.

माझी नोट तुझ्या फोनवरही आली होती, न ऐकलेली. काल दुपारी मी तो तुझ्या मशीनवर ठेवला, नोट लावली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले. चपलेचा आवाज न करता. आतून माझाच आवाज येत होता.

आता माझ्या फोनवर, कुणी कुणी ऐकलं त्यात, तुझं नाव दिसतं. खालाचं, काकांचं, सगळ्यांचं दिसतं. पुढची ओळ कुणाचीच आलेली नाही.

म्हणजे ते अजून जुनं झालेलं नाही, आत्या.